कडेला कॉसमॉस लावू या, पण बी आपल्या मुठीत ठेवून

आम्ही खारदांड्याच्या बायका बोलतोय. मुंबईत खार स्टेशनला उतरून पश्चिमेला चालत गेलं की रस्ता जिथे समुद्राला टेकतो, तिथे आमचा कोळीवाडा. होड्या, जाळी, सुकत घातलेली मासळी आणि एकाला एक चिकटलेली घरं. बाग म्हणावी अशी जागा कुणाकडेच नाही. ओट्याच्या पुढे दीड हात माती, देवळाच्या भिंतीला लागून एक पट्टी, बाकी सगळं डब्यात आणि टबात.

मग फुलझाडांवर आम्ही काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण मागच्या काही भागांनंतर गावोगावच्या गटांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. परसबागेच्या कडेला, अंगणवाडीच्या वाटेला, समाजमंदिरापुढे फुलं हवीत. पण दर हंगामाला रोपवाटिकेतून रोपं आणायची तर गटाचे पैसे जातात. एकदा खर्च करून पुढे घरच्या घरी चालू राहील असं काही आहे का? आहे. त्याचं नाव कॉसमॉस. खारं वारं, भुसभुशीत रेताड माती आणि हातभर जागा एवढ्यावर ते आमच्याकडे फुलतं, तर तुमच्या चांगल्या मातीत फुलणारच. उलट तुमच्याकडे ते जरा जास्तच फुलेल, आणि त्याचीच काळजी घ्यायची आहे. ती गोष्ट पुढे सविस्तर सांगतो.

कॉसमॉस हे मूळ मेक्सिको देशाचं झाड. झेंडू, झिनिया आणि डेलियाही तिकडचेच, आणि ही सगळी सूर्यफुलाच्या कुळातली मंडळी. मेक्सिकोतून बी स्पेन देशात माद्रिदच्या बागेत गेलं आणि तिथल्या काव्हानियेस नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने १७९१ मध्ये या झाडाला कॉसमॉस हे नाव दिलं. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ नीटनेटकेपणा, सजावट. पाकळ्या मधल्या पिवळ्या चकतीभोवती सारख्या अंतराने बसलेल्या असतात, रांगोळीत काढलेल्या फुलासारख्या, म्हणून ते नाव.

आपल्याकडे याचे दोन प्रकार दिसतात आणि या दोघांतला फरक आज कळला की निम्मं काम झालं.

पहिला प्रकार गुलाबी. फुलं गुलाबी, पांढरी किंवा गडद लालसर. पानं शेपूसारखी बारीक, झुळझुळीत. उंची तीन ते पाच फूट, बुटक्या जातींची दीड-दोन फूट. पाकिटावर त्याचं शास्त्रीय नाव ‘बायपिनेटस’ असं इंग्रजीत छापलेलं असतं. ‘सेन्सेशन’ ही उंच जात जुनी आहे. अमेरिकेत १९३६ मध्ये तिला नव्या जातींच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं होतं आणि अजूनही तिचं बी मिळतं. ‘सोनाटा’ ही बुटकी. वाऱ्याच्या ठिकाणी, कुंडीत किंवा वाटेच्या कडेला बुटकीच बरी.

दुसरा प्रकार पिवळा-केशरी. पानं जरा रुंद कापलेली, लहान रोप असताना गाजर गवताची आठवण करून देणारी. हे नाव पाकिटावर ‘सल्फ्युरियस’ असं असतं. ऊन सोसतं, पाऊसही बराच सोसतं, भराभर वाढतं. दुकानदार हेच हातात ठेवतो, कारण हे हमखास येतं. आम्ही मात्र तुम्हाला गुलाबीच लावा म्हणून सांगणार आहोत. पाकिटावर नाव वाचता आलं नाही तर चित्र बघा. मिश्र रंगांच्या पाकिटात केशरी फूल दिसलं तर ते पाकीट परत ठेवा.

आता पेरणी कधी करायची ते बोलू. पाकिटांवर बहुतेक वेळा थंड देशांचे महिने छापलेले असतात: मार्च, एप्रिल, मे. ते आपल्यासाठी नाहीत. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला तर सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. असल्या पावसात शेपूसारख्या पानाचं कोवळं झाड उभं राहत नाही. आडवं होतं आणि मुळाशी कुजतं. म्हणून कोकणात आणि किनाऱ्यावर गुलाबी कॉसमॉस पाऊस ओसरल्यावरच पेरायचं. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात गौरी-गणपती गेले की जमीन वाफशावर आलेली बघून पेरलं तरी चालतं.

तारीख लक्षात ठेवायला आम्ही एक खूण केली आहे. नवरात्रात घट बसवायचा दिवस. त्या दिवशी आपण पत्रावळीवर किंवा परडीत माती घालून धान्य पेरतोच. त्याच हाताने कडेच्या पट्टीत कॉसमॉस टोकायचं. घटातलं धान्य दोन-तीन दिवसांत वर येतं, कॉसमॉसला पाच ते दहा दिवस लागतात. दसरा झाला की कुठे रिकामं राहिलं ते दिसतं आणि तिथे पुन्हा बी घालता येतं. पेरल्यापासून आठ ते दहा आठवड्यांनी फूल लागतं, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला. फुलं तोडत राहिलं तर फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं. या झाडाचा कल असा की दिवस लहान होऊ लागले की ते फुलायच्या मागे लागतं. शेवंतीसारखाच स्वभाव. म्हणून रस्त्याच्या दिव्याच्या अगदी खाली, जिथे रात्रभर उजेड पडतो, तिथे त्याची पट्टी करू नका.

सगळं बी एकदम पेरू नये हे मात्र आवर्जून सांगतो. निम्मं घटस्थापनेला, निम्मं तीन-चार आठवड्यांनी दिवाळीच्या सुमारास. पहिली रोपं दमतात तेव्हा दुसरी भरात येतात.

बी विकत आणलं की आधी त्याची उगवण तपासा. सोयाबीनचं बी पेरायच्या आधी गोणपाटात गुंडाळून बघतात, तेच इथे. दहा बिया ओल्या फडक्यात ठेवा, फडकं ताटलीत, वर दुसरी ताटली झाकण. आठवड्याने मोजा. सात-आठ फुटल्या तर बी चांगलं. चार-पाचच फुटल्या तर टोकताना एका जागी दोनाऐवजी चार बिया घाला. एकही फुटली नाही तर पाकिटावरची मुदत बघा आणि दुकानात जाऊन बोला.

किती बी लागेल याचा हिशोब सोपा आहे. दहा फूट लांब पट्टी, दोन ओळी, झाडात एक-एक फूट अंतर, ओळी एकमेकींच्या आड. म्हणजे वीस झाडं. एका जागी दोन बिया, म्हणजे चाळीस बिया. कॉसमॉसच्या एका ग्रॅममध्ये शंभरावर बिया बसतात, तेव्हा लहान पाकीटही दोन घरांना पुरतं. गटात दहाजणी असतील तर पाच पाकिटं घ्या आणि वाटून पेरा.

जागा उन्हाची हवी. निदान सहा तास ऊन. सावलीत झाड लांबट होतं, पडतं आणि फूल देत नाही. दुसरी गोष्ट, पाणी साचता कामा नये. भाताच्या खाचरासारखी चिकण जमीन असेल तर कडेला वीतभर उंच वरंबा करा आणि त्याच्यावर पेरा. बी अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल घालायचं नाही. नखाएवढं खोल बोट टेकवा, बी आडवं ठेवा, वरून भुरभुरीत माती शिंपडा आणि हाताने हलकं दाबा. पाणी झारीने किंवा भोकं पाडलेल्या डब्याने द्या. तांब्याने ओतलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं आणि मग सगळी झाडं तिथेच. कोंबड्या असतील तर वर काट्याची फांदी टाका. नुसती माती उकरलेली दिसली की कोंबडी तिथे आलीच.

रोप बोटभर झालं की एका जागी एकच ठेवा. जास्तीचं हळूच काढून रिकाम्या जागी लावता येतं, पण ते संध्याकाळी आणि मुळाशी माती ठेवून. कॉसमॉसला जागा बदललेली फार आवडत नाही, म्हणून आम्ही सरळ जागेवरच पेरणं पसंत करतो. निंदणी करताना जपा. लहानपणी ते इतकं शेपूसारखं दिसतं की शेजारी शेपूचा वाफा असेल तर भाजी कोणती आणि फूल कोणतं कळत नाही. चुरगळून वास घ्या. शेपूचा वास लपत नाही.

आता खताचं. इथे आमच्या कोळीवाड्याची एक सवय सांगावी लागेल. मासळी धुतलेलं पाणी झाडाला घालायची रीत किनाऱ्यावर सगळीकडे आहे. कढीपत्ता, गुलाब, शेवगा त्यावर तरारतो. तुमच्याकडे तेच काम शेणाची स्लरी, गोमूत्र किंवा युरियाची चिमूट करते. कॉसमॉसला यातलं काहीही नको. भरपूर नत्र मिळालं की हे झाड माणसाच्या छातीएवढं वाढतं, हिरवंगार दिसतं आणि फुलाचं नाव काढत नाही. मग वारं आलं की मधूनच मोडतं. हलक्या, उपाशी जमिनीतच ते फुलावर येतं. दहा फुटांच्या पट्टीला पेरणीआधी एक घमेलं कुजलेलं शेणखत मातीत मिसळलं की संपलं, पुढे काही घालायचं नाही. ज्या पट्टीत मागच्या हंगामात भाजी होती आणि खत घातलेलं होतं, तिथे तेवढंही नको. घरात कुणीतरी उत्साही माणूस असतंच, ज्याला झाड दिसलं की काहीतरी ओतायचं असतं. त्याला कढीपत्त्याकडे पाठवा.

कुंडीत लावणार असाल तर वीतभर तरी खोल भांडं हवं. तेलाचा डबा, फुटका टब, फळांचा क्रेट आतून गोणपाट लावून. आमच्याकडे मासळीसोबत बर्फ भरून येणारे थर्मोकोलचे खोके निकामी झाले की आम्ही तळाला पाच-सहा भोकं पाडून तेच वापरतो. हलके असतात, ऊन-सावली बघून उचलता येतात. पण आधी चार वेळा गोड्या पाण्याने धुऊन घ्यायचे, कारण त्यात मीठ मुरलेलं असतं. याच कारणाने किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी समुद्राची वाळू कुंडीत मिसळू नये. दोन भाग माती, एक भाग कुजलेला ओला कचरा, एक भाग नदीची वाळू किंवा नारळाचा भुसा पुरे. पानांची टोकं करपल्यासारखी दिसली तर खाऱ्या वाऱ्याचा परिणाम असतो. सकाळी झाडावरून गोडं पाणी सोडायचं आणि जमलं तर भिंतीच्या आडोशाला न्यायचं.

झाड फूटभर झालं की शेंडा खुडा. मन होत नाही, पण खुडा. एक शेंडा गेला की खालून चार-पाच फांद्या फुटतात, झाड बुटकं आणि दाट होतं, फुलं कितीतरी जास्त लागतात. उंच जातीला आधारही लागतो. एकेका झाडाला काठी आणि सुतळी बांधत बसण्यापेक्षा आमचा उपाय बघा. पट्टीच्या चार कोपऱ्यांना चार काठ्या रोवायच्या आणि जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर जुनं जाळं आडवं ताणून बांधायचं. हात आरपार जाईल एवढ्या मोठ्या भोकांचं घ्या. झाडं त्या भोकांतून वर येतात आणि जाळं आतल्या आत झाकून जातं. शेवंती-कार्नेशन पिकवणारे मोठे शेतकरी यासाठी मुद्दाम जाळी विकत आणतात. तुमच्याकडे जाळं नसेल तर सुतळीने चौकटी विणा, तेवढंच काम होतं. बारीक भोकांचं नायलॉनचं जाळं मात्र बागेत नको. त्यात सरडे, पक्षी, साप अडकतात. हंगाम संपला की जे ताणलं असेल ते काढून ठेवा.

रोग-कीड फार नाही. थंडीत कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. थोडा असेल तर दोन-चार दिवस थांबा. ढालकिडे येऊन खातात. जास्त असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, थोडा साबण विरघळवा आणि संध्याकाळी फवारा. संध्याकाळीच, कारण दिवसभर फुलांवर मधमाश्या असतात. पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. झाडं दाटीने लावली की येते. खराब पानं काढा, पाणी मुळाशी द्या.

मधमाश्यांवरून आठवलं. परसबागेत दुधी, काकडी, भोपळा यांना फुलं येतात पण फळ धरत नाही, अशी तक्रार बऱ्याच गटांची असते. नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलावर कुणी नेलाच नाही तर फळ धरणार कसं? ते काम माश्यांचं. कॉसमॉसचं फूल उघडं, सपाट असतं. सातेरी मधमाशीपासून बारक्या माश्यांपर्यंत सगळ्यांना त्यावर बसता येतं. वेलाच्या कडेला त्याची पट्टी असली की माश्यांचा राबता राहतो. शोभेपेक्षा हा उपयोग मोठा आहे असं आमच्यातल्या काहीजणींचं म्हणणं. पण जे काम झेंडूचं ते कॉसमॉसवर लादू नका. टोमॅटोवरची फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते म्हणून टोमॅटोत झेंडूची ओळ लावतात. त्या ओळीच्या जागी कॉसमॉस लावून चालणार नाही.

विक्रीचंही स्पष्ट सांगतो, कारण गटात हा विचार येतोच. कॉसमॉस हे किलोवर जाणारं फूल नाही. दादरच्या फूलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग असतात, त्यात हे बसत नाही. हारात ओवलं की पाकळ्या गळतात, वास नाही. पाण्यात ठेवलं तर चार-पाच दिवस टिकतं, तेही अर्धं उमललेलं असताना सकाळी कापलं तर. गटाने यावर कर्ज काढून काही उभं करू नये.

आता ज्यासाठी आज बोलायला बसलो ती गोष्ट.

बिनखर्चाचं, बिनखताचं, उपाशी जमिनीत येणारं, आपलं आपण पुन्हा उगवणारं, हे सगळं आपण कौतुकाने म्हणतो. जाहिरातीतही तेच छापतात. पण ज्या झाडाला आपली गरज नाही, त्याला आपलं कुंपणही माहीत नसतं. पिवळं-केशरी कॉसमॉस महाराष्ट्रात कुंपणाबाहेर कधीच पडलं आहे. पुण्याभोवतालच्या टेकड्या, रस्त्यांच्या कडा, मोकळे माळ पावसाळ्याच्या शेवटी पिवळे-केशरी दिसतात, लोक थांबून फोटो काढतात, आणि त्यातली कितीतरी फुलं या कॉसमॉसची असतात. ते तिथे कुणी शेतीसाठी लावलेलं नाही. बागेतून, रस्त्याच्या शोभेतून, फेकलेल्या बियांतून गेलं. वनस्पतींचे अभ्यासक याबद्दल सांगत आहेत.

फुलंच तर आहेत, बिघडलं काय, असं कुणी म्हणेल. आमच्या घोळक्यातही म्हणाल्या. त्यावर आमचं उत्तर एवढंच: गौर कुठून आणता? कोकणात तेरड्याची गौर आणतात. तो तेरडा माळावर, डोंगराच्या उतारावर पावसात आपोआप येतो. टाकळा, कुर्डू, भारंगी या रानभाज्या तिथल्याच. सोनकी तिथलीच. जनावरांचं गवत तिथलंच. या सगळ्यांना पावसाळ्याचे चारच महिने मिळतात आणि पातळ मातीचा तोच थर. तिथे छातीएवढं उंच, दाट, पसरणारं झाड घुसलं की खालच्या बारक्यांना ऊन मिळत नाही. दोन-चार वर्षं दिसायला सुंदर दिसतं. मग गौरीला तेरडा शोधायला आणखी वर चढावं लागतं.

आणि हे पहिल्यांदाच होतंय असंही नाही. घाणेरीचं झुडूप तुमच्या गावात आहे ना? ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बागेतल्या शोभेसाठी परदेशातून भारतात आणलेलं. तळी आणि नद्या झाकून टाकणारी जलपर्णी, तीही तिच्या जांभळ्या फुलांपायी आणलेली. गुलाबी कॉसमॉसही अगदी साधं नाही. दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि बोअर लोकांचं युद्ध झालं, १८९९ ते १९०२, तेव्हा घोड्यांसाठी अर्जेंटिनातून आणलेल्या चाऱ्यातून त्याचं बी आलं असं तिथे सांगतात. आज तिथल्या पठारावर मार्च-एप्रिलमध्ये रस्त्यांच्या कडा मैलोन्‌मैल गुलाबी होतात. चाऱ्याबरोबर बी कुठवर जातं ते बघा.

आपल्याकडे मात्र खरा धोका पिवळ्याचाच. त्याचं कारण बियात आहे. गुलाबीचं बी लहान, काळपट, किंचित वाकडं, नखाच्या कातरणासारखं. पडलं की बहुधा झाडाखालीच राहतं. पिवळ्याचं बी लांब सुईसारखं, टोकाला दोन काटे, आणि त्या काट्यांना उलटी कुसळं. आघाड्यासारखं ते लुगड्याला, शेळीच्या केसांना, कुत्र्याच्या शेपटीला धरून बसतं. तुमच्या परसातून सकाळी निघालेली शेळी संध्याकाळपर्यंत माळभर पेरणी करून येते. तिला मजुरीही द्यावी लागत नाही.

म्हणून काही गोष्टी गटाने ठरवूनच टाकाव्यात. पिवळं नव्याने लावायचं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर बीजगोळे करायचा कार्यक्रम असतो, त्यात कॉसमॉस, मग कुठल्याही रंगाचं असो, घालायचं नाही. बीजगोळ्यात आपल्याच भागातल्या झाडांचं बी घाला. ओढ्याच्या काठी, गायरानाला लागून, डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं घर असेल तर तिथे गुलाबीसुद्धा नको. तेरडा लावा, तो तिथलाच आहे आणि फूलही छान.

पिवळं आधीच अंगणात असेल तर घाबरून उपटत सुटू नका. फुलू द्या, पण पाकळी गळायच्या आत फूल तोडा. एक दिवसाआड एक फेरी. बोंड सुकून सुया पसरल्या असतील तर झाड हलवू नका. आधी बोंडं कापून थेट गोणीत टाका आणि ती चुलीत घाला, मग झाड उपटा. उकिरड्यावर, बांधावर, चाऱ्यात टाकू नका. पुढच्या पावसात तिथे पुन्हा उगवेलच. वीतभर असताना काढलं की सोपं. सोनकी समजून तिला मात्र उपटू नका. सोनकी गुडघ्याएवढी, फूल लहान, शुद्ध पिवळं, पान साधं आणि दातेरी कडेचं. कॉसमॉसचं पान चिरलेलं असतं आणि पाकळीच्या टोकाला खाचा असतात.

तोडलेल्या पिवळ्या फुलांचं काय करायचं याचं मात्र चांगलं उत्तर आहे. त्यांचा रंग निघतो, आणि देखणा निघतो. शिवणकाम करणाऱ्या गटांनी करून बघावं. १०० ग्रॅम सुती कापड आधी स्वच्छ धुवा, हिरड्याच्या काढ्यात रात्रभर बुडवून वाळवा, मग १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात तासभर ठेवा. कापडाच्या दुप्पट वजनाची ताजी फुलं मंद आचेवर तासभर शिजवा, गाळा, त्या पाण्यात ओलं कापड तासभर मंद आचेवर हलवत ठेवा. पिवळा-केशरी रंग चढतो. शेवटी चिमूटभर धुण्याचा सोडा घातला तर तो लालसर केशरीकडे झुकतो. रंगाचं पातेलं वेगळं ठेवा, स्वयंपाकाचं नको. कडक उन्हात हा रंग हळूहळू फिका होतो, म्हणून रुमाल, ओढणी सावलीत वाळवायची. आणि यातली आमच्या आवडीची बाब अशी की रंगासाठी सगळी फुलं खुडली गेली, तर बी धरायला मागे काही राहतच नाही.

आता गुलाबीचं बी कसं राखायचं ते सांगून थांबतो. बाकी सगळी फुलं सुकायच्या आत तोडायची, कारण बी धरलं की झाडाला वाटतं आपलं काम झालं आणि ते फुलणं कमी करतं. फक्त दोन चांगली झाडं निवडा, देठाला रंगीत दोरा बांधा आणि त्यांच्यावरची पाच-सहा फुलं तशीच राहू द्या. फूल उमलल्यापासून महिनाभरात बोंड तपकिरी होतं आणि बिया सुट्या दिसू लागतात. दव वाळल्यावर, दुपारच्या सुमारास, बोंड मुठीत धरून कापा; उघड्या हाताने ओढलं तर निम्म्या बिया खाली. सावलीत कागदावर आठवडाभर पसरा. वेगवेगळे रंग जवळ लावले असतील तर माश्यांनी पराग इकडचा तिकडे केलेलाच असतो, तेव्हा पांढऱ्याच्या बियातून गुलाबी आलं तर कुणी बी बदललं म्हणून भांडू नका. पाकिटावर संकरित लिहिलेलं असेल तर घरचं बी आईसारखं येईलच असं नाही.

घटस्थापनेला पेरलेल्याचं पहिलं बी संक्रांतीच्या आसपास हाती येतं. हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हा दरवर्षीचा प्रश्न आहेच. प्लास्टिकची डबी आणण्यापेक्षा वीस बियांची कागदाची पुडी द्या. वर लिहा: गुलाबी कॉसमॉस, बी धरल्याचा महिना, घट बसतील तेव्हा पेरणे, खत नको. संक्रांतीपर्यंत जमलं नाही तर रथसप्तमीपर्यंत जमतंच. पिवळ्याच्या बियांची पुडी कुणी वाण म्हणून दिली तर हळदीकुंकू घ्या आणि पुडी घरी येऊन चुलीत घाला.

उरलेलं बी आपल्यासाठी. किनाऱ्याच्या दमट हवेत नुसत्या पुडीला बुरशी लागते, म्हणून काचेच्या बरणीत तळाला मूठभर भाजून गार केलेले तांदूळ, वर बियांच्या पुड्या आणि झाकण घट्ट. पावसाळ्यात एकदा तांदूळ बदला. दोन वर्षं बी सहज टिकतं. बरणी फडताळात, आणि गोणपाटात किंवा कापडी पिशवीत बी ठेवलंच असेल, तर फडताळात उंदीर नाही ना तेवढं बघा.